कासवाची अंडी वाचली, आता आई वाचायला हवी

मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे तापी आणि पूर्णा या दोन नद्यांचा संगम होतो. तेथून पुढे तापीचे पाणी हतनूरच्या धरणातून भुसावळकडे येते, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत जाते आणि उकाईचा जलाशय ओलांडून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. खानदेशातून समुद्र दिसत नाही. परंतु खानदेशाचे पाणी अखेर समुद्रालाच मिळते आणि समुद्रातील सुकट, बोंबील व कोळंबी खानदेशच्या आठवडे बाजारात येऊन पोहोचते. नदीने जे द्यायचे आणि ताटात जे घ्यायचे, या देवघेवीत एक मुका प्राणी मात्र भरडला जातो. तो प्राणी म्हणजे समुद्री कासव.

कासवाविषयी आपल्याला आदर नाही, असे म्हणता येणार नाही. देवळात गेल्यावर गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय आपण पुढे जात नाही. विष्णूचा दुसरा अवतार कूर्माचाच. तथापि दगडाच्या कासवाला मिळणारा मान जिवंत कासवाच्या वाट्याला फार उशिरा आला. कोकण किनाऱ्यावरील गावांनी गेल्या दोन दशकांत कासवांची अंडी वाचविण्याचे मोठे काम केले. मात्र अंड्यांची राखण हा या कामाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग किनाऱ्यापासून काही मैल आत, मासेमारीच्या जाळ्यात अडकला आहे.

हजारातून एक

जगात समुद्री कासवांच्या सात जाती असून त्यांपैकी पाच भारताच्या समुद्रात आढळतात: ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येते ते प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले. पाठीचे कवच साधारण दोन फूट लांबीचे, वजन ३५ ते ५० किलोच्या दरम्यान आणि रंग ऑलिव्ह फळासारखा हिरवट करडा. त्यावरूनच त्याला हे नाव पडले.

ही मादी प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या अंधारात वाळूवर येते. भरतीच्या रेषेच्या वर, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू लोटते, शरीराच्या भाराने ती दाबते आणि समुद्राकडे परत फिरते. पिलांशी तिचा पुढे काहीही संबंध राहत नाही. ४५ ते ६० दिवसांनी वाळूच्या उबेने अंडी फुटतात. या उबेवर आणखी एक गोष्ट ठरते. वाळूचे तापमान साधारण २९ ते ३१ अंशांच्या मर्यादेखाली राहिले तर नर अधिक निपजतात आणि त्यावर गेले तर माद्या. वाढत्या उष्णतेचा कासवांशी असलेला संबंध असा थेट जन्मापासून सुरू होतो.

वाळूतून वर आलेले पिलू क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने धावते. किनाऱ्यावर खेकडे, कावळे, घारी, कुत्री आणि कोल्हे, तर पाण्यात मोठे मासे त्याची वाट पाहत असतात. हजार पिलांमागे जेमतेम एक वयात येते, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. वयात यायलाही दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजेच अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येणारी प्रत्येक मादी ही हजार संकटांतून तावून सुलाखून निघालेली असते. पुढचा सारा हिशेब समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वेळासने घालून दिलेला धडा

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, बाणकोट किल्ल्याजवळ वेळास हे छोटे गाव आहे. एरवी नाना फडणवीसांचे मूळ गाव एवढीच त्याची ओळख होती. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था समुद्री गरुडांच्या अभ्यासाचे काम करीत होती. २००२ मध्ये भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना येथील किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशी केल्यावर उलगडा झाला. कासवे येथे वर्षानुवर्षे येत होती आणि त्यांची अंडी खणून खाल्ली वा विकली जात होती. समुद्री कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला आहे तेच, संरक्षण आहे. परंतु कागदावरचा कायदा रात्री दोन वाजता वाळूवर पहारा देत नाही.

संस्थेने गावकऱ्यांनाच बरोबर घेतले. पहाटे किनारा पायी पालथा घालायचा, मादीच्या सरपटण्याच्या खुणांवरून घरटे शोधायचे आणि अंडी हलक्या हाताने कुंपण घातलेल्या संवर्धन केंद्रात आणायची. तेथे तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून ती पुन्हा वाळूत ठेवायची. हे काम अंडी घातल्यानंतर काही तासांतच उरकावे लागते. त्यानंतर अंडे फिरले वा उलटे झाले तर आतील जीव दगावण्याची भीती असते. कोकणातील संवर्धन केंद्रांचा पाया या साध्या पद्धतीने घातला गेला.

कामाला खरे बळ आले ते २००६ मध्ये. त्या वर्षी वेळासमध्ये ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. समुद्राकडे धावणारी पिले पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून माणसे येऊ लागली. त्यांची राहण्या-जेवणाची सोय गावकऱ्यांनी आपल्या घरांतून केली. अंडी विकून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा अंडी राखून मिळणारे उत्पन्न अधिक आहे आणि ते दरवर्षी येणारे आहे, हे गावाला स्वानुभवाने पटले. पुढे दापोली तालुक्यातील आंजर्ले, तसेच गुहागर आणि रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक गावांत असे काम उभे राहिले. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठानही त्यात सहभागी झाले.

वेळासचा धडा मार्मिक आहे. तेथे उपदेशाने अंडी वाचली नाहीत. गावाचा तोटा भरून निघाला, किंबहुना त्याचे फायद्यात रूपांतर झाले, तेव्हा ती वाचली.

अंड्यांचे गणित आणि आईचे गणित

अंडी राखली म्हणजे कासवे वाढतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसेच वाटत होते. १९८७ मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हाल कॅस्वेल या अमेरिकी अभ्यासकांनी लॉगरहेड कासवांच्या जन्म-मृत्यूचे गणित मांडले आणि या समजुतीला धक्का बसला. किनाऱ्यावरील एकूण एक अंडे वाचवले तरी केवळ तेवढ्याने घटणारी संख्या सावरेलच असे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जवळपास वाढ झालेली आणि पूर्ण वाढलेली कासवे समुद्रात किती मरतात, यावर जातीचे भवितव्य अधिक अवलंबून असते.

ऑलिव्ह रिडलेच्याच जवळच्या नात्यातील केम्प्स रिडले या जातीने हे प्रत्यक्ष दाखवून दिले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर १९४७ मध्ये टिपलेल्या एका चित्रफितीवरून एकाच दिवशी सुमारे ४० हजार माद्या किनाऱ्यावर आल्याचा अंदाज बांधला गेला होता. १९६६ पासून तेथे अंड्यांवर पहारा बसला, तरीही संख्या घसरतच राहिली. १९८५ मध्ये अवघी ७०२ घरटी मोजली गेली. पहारा सुरू असूनही माद्या कोळंबीच्या जाळ्यांत बुडून मरत होत्या. किनाऱ्यावरील राखणीला जाळ्यांवरील नियमांची जोड मिळाल्यानंतर चित्र पालटले आणि २००९ पर्यंत घरट्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. पुढे ही वाढ खुंटली, परंतु जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरून परत फिरली होती.

हेच गणित कोकणाला लावून पाहावे. हजारातील एक पिलू वयात येते, असे धरले, तर जाळ्यात बुडालेली एक मादी म्हणजे सुमारे दहा घरट्यांची राखण वाया जाणे होय. पहाटे उठून किनारा तुडवणाऱ्या कासवमित्राचे हंगामभराचे कष्ट एका रात्रीत समुद्रात बुडतात.

जाळ्यात नेमके काय घडते

कासव पाण्यात राहत असले तरी त्याला कल्ले नाहीत. आपल्यासारखीच फुप्फुसे आहेत. शांतपणे विसावलेले कासव दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकते, परंतु जाळ्यात अडकून धडपडणाऱ्या कासवाचा श्वास लवकर संपतो. ट्रॉलरचे जाळे तासन्‌तास तळाशी ओढले जाते. ते वर येईपर्यंत कासव बुडालेले असते. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यावर शेकडो मृत ऑलिव्ह रिडले वाहून आली, तेव्हा त्यांच्या सुजलेल्या माना आणि बाहेर आलेले डोळे पाहून जाळ्यात गुदमरून मृत्यू झाल्याचीच शंका बळावली.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. जाळ्याच्या निमुळत्या भागात तिरकी बसवलेली गजांची चौकट आणि तिच्याजवळ बाहेर पडण्याची वाट, एवढीच त्याची रचना. कोळंबी गजांमधून मागच्या खोळीत जाते. कासव गजांना अडून, घसरत त्या वाटेने बाहेर पडते. हे साधन ‘टेड’ या नावाने ओळखले जाते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना साजेशी त्याची आवृत्तीही तयार केली आहे. मच्छीमारांचा आक्षेप असा की, त्याच वाटेने थोडी मासळीही निसटते. हा आक्षेप निराधार नाही. डिझेलचा खर्च, बर्फाचा खर्च आणि खलाशांचा वाटा काढून उरणाऱ्या कमाईत थोडी घटही तांडेलाला जाणवते.

हा प्रश्न थेट जागतिक व्यापारापर्यंत पोहोचला. कासवांना धोका पोहोचवणाऱ्या पद्धतीने पकडलेल्या कोळंबीची आयात अमेरिकेने रोखली. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. १९९८ मधील निकालात अमेरिकेने हा नियम ज्या भेदभावाच्या रीतीने लावला त्यावर ठपका ठेवण्यात आला. कासवे वाचविण्याचा हेतू मात्र रास्त मानला गेला. पुढे २०१८-१९ च्या सुमारास भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेची दारे पुन्हा बंद झाली. तलावात वाढवलेल्या कोळंबीला ही अडचण आली नाही. फटका बसला तो समुद्रावर पोट असणाऱ्यांना. कासव वाचवणे आणि मच्छीमाराचे पोट या दोन विरोधी बाबी आहेत, हा समज त्यामुळे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

ओडिशाने निराळा मार्ग स्वीकारला. गहिरमाथा येथे १९९७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळच्या समुद्रात १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने किनाऱ्यापासून वीस किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. २०२५ मध्ये एकट्या ऋषिकुल्या किनाऱ्यावर सुमारे सात लाख माद्यांनी अंडी घातल्याची नोंद झाली. महाराष्ट्रातील मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. माशांच्या विणीसाठी आणि पावसाळी समुद्रापासून जीव वाचवण्यासाठी ती आवश्यक आहे. परंतु कासवांचा हंगाम तोवर संपलेला असतो. ओडिशासारखी सरसकट बंदी कोकणात आणणे व्यवहार्य नाही, कारण येथे कासवे एका जागी लाखोंनी जमत नाहीत, तर लांबलचक किनाऱ्यावर विखुरलेली येतात. म्हणूनच येथे बंदीपेक्षा सहकार्याला महत्त्व अधिक.

त्या दृष्टीने राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेला निर्णय उल्लेखनीय आहे. संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने आपले जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेचे छायाचित्र वा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. वेळासमध्ये किनाऱ्यावर जे घडले तेच तत्त्व येथे समुद्रात लागू झाले: जो राखतो त्याचा तोटा समाजाने भरून द्यायचा. भरपाई वेळेवर हाती पडली, तरच पुढच्या वेळी सुरी जाळ्यावर चालेल. ‘टेड’ बसवणाऱ्यालाही मासळीतील घटीबाबत असाच आधार मिळाला, तर त्याचा आक्षेप बराचसा गळून पडेल.

मच्छीमारांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. जाळ्यातून काढलेले निपचित कासव मेलेलेच असते, असे नाही. ते लगेच समुद्रात टाकल्यास खात्रीने बुडते. त्याऐवजी पोटावर ठेवून मागचा भाग थोडा उंच करावा, सावलीत ओलसर राखावे आणि काही तास, गरज पडल्यास दिवसभर वाट पाहावी. फुप्फुसांतील पाणी निचरून अनेक कासवे पुन्हा हालचाल करू लागतात.

दिवे, भिंती आणि प्लॅस्टिक

संकट केवळ जाळ्यांचे नाही. पिलू उजेडाकडे धावते, हे वर आलेच आहे. मोकळ्या किनाऱ्यावर हा उजेड समुद्रावर परावर्तित होणाऱ्या चांदण्याचा असतो. किनाऱ्यालगत हॉटेलचे वा रस्त्याचे प्रखर दिवे असले, की पिले उलट दिशेने, जमिनीकडे जातात आणि सकाळच्या उन्हात सुकून मरतात. धूप रोखण्यासाठी बांधलेल्या भिंती मादीची वाट अडवतात. वाळूवर धावणाऱ्या मोटारी घरट्यावरची वाळू दाबतात. वाळूचा उपसा तर घरट्याची जागाच नाहीशी करतो. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागांना सर्वाधिक संरक्षित वर्गात स्थान आहे. तिची अंमलबजावणी मात्र प्रत्येक नव्या बांधकामागणिक कसाला लागते.

समुद्रात टाकून दिलेली तुटकी जाळी वर्षानुवर्षे कुजत नाहीत आणि कोणी ओढत नसतानाही जीव पकडतच राहतात. पावसाळ्यात पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जखमी कासवे वाहून येतात. अशा जाळ्यांचे काच बसून त्यांपैकी काहींचे वल्ह्यासारखे पाय निकामी झालेले असतात. डहाणू येथील उपचार केंद्रात त्यांच्यावर उपचार केले जातात. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी तर कासवाला जेलीफिश वाटते आणि पोटात जाऊन आतडे अडवते.

किनारा सुधारला तर कासव परत येते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने स्वच्छता मोहीम चालली. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिले समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने हिरव्या कासवाला संकटग्रस्त जातींच्या यादीतून बाहेर काढले, तेही अनेक देशांतील दशकांच्या राखणीनंतर. ऑलिव्ह रिडले मात्र अद्याप असुरक्षित गटातच आहे.

कासवाला जिल्हा नसतो

भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ मध्ये कोकणातील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. वेळासच्या पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेल्या ‘बागेश्री’ने दक्षिणेकडे प्रवास करीत, श्रीलंकेला वळसा घालून बंगालचा उपसागर गाठला. याच्या उलट प्रवासही दिसला. २०२१ मध्ये ओडिशात खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी, असे मानले जात होते. या एका मादीने त्या समजुतीचा फेरविचार करायला लावला. गुहागरने राखलेली मादी तमिळनाडूच्या जाळ्यात आणि ओडिशाने राखलेली मादी कोकणच्या जाळ्यात सापडू शकते, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. राखणीची साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच भक्कम असते.

या साखळीत समुद्रापासून दूरची गावेही येतात. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले, की काठावर साचलेला कचरा पुराबरोबर पुढे निघतो. वाटेतील धरणांत त्यातील काही अडकतो, काही पुढे जातो. परंतु जो नदीत पडलाच नाही, तो समुद्रात जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चांगदेवच्या संगमावर निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसह पाण्यात सोडणाऱ्या हाताला हे कोणीतरी सांगायला हवे. सुटीत कोकणात जाणाऱ्या खानदेशातील कुटुंबांनी रात्री वाळूवर दिवे वा मोटारी नेऊ नयेत, पिलांना हात लावू नये, झोताचा प्रकाश टाकून छायाचित्रे काढू नयेत आणि शक्य तेव्हा गावकऱ्यांच्या घरीच मुक्काम करावा. तो मुक्काम म्हणजे राखणदाराला दिलेली मजुरीच होय.

वेळासच्या गावकऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी एक व्यवहार सिद्ध करून दाखवला. तोच व्यवहार आता तांडेलाच्या होडीपर्यंत न्यावा लागेल. पिले समुद्रात सोडताना किनाऱ्यावर टाळ्या वाजतात, ते योग्यच आहे. परंतु ज्या रात्री दूर समुद्रात कोणी पाहत नसताना एक मच्छीमार आपले महागडे जाळे कापून मादीला मोकळे करतो, त्या रात्री कासवांच्या भवितव्यात अधिक मोलाची भर पडते. त्याचे नुकसान भरून काढण्याची जबाबदारी मासळी खाणाऱ्या आणि समुद्राला पाणी देणाऱ्या आपणा सर्वांची आहे.